विश्लेषण : उष्मांकाचा हिशेब – शिस्त कधी, खूळ कधी?

सरकारी कार्यालयांत आणि उपाहारगृहांत तेल व साखरेचे प्रमाण सांगणारे फलक लावावेत, ही केंद्रीय आरोग्य मंत्रालयाची सूचना जुलै २०२५ मध्ये चर्चेत आली. नागपूरच्या एम्समध्ये असे फलक लागणार, या बातमीपासून सुरू झालेली चर्चा ‘समोसा-जिलेबीवर सिगारेटसारखा इशारा’ इथपर्यंत गेली आणि अखेर सरकारला खुलासा करावा लागला. या गदारोळात मूळ प्रश्न मागेच राहिला. सामान्य माणसाने खाण्यातील कॅलरी मोजाव्यात का? मोजल्याच तर कशा आणि किती दिवस? बीडसारख्या जिल्ह्यात हा प्रश्न आणखी गुंतागुंतीचा होतो. येथे एकाच गावात पोलीस भरतीची तयारी करणारा तरुण, साखर वाढल्याचे नुकतेच कळलेला दुकानदार आणि दिवाळीच्या सुमारास कारखान्याला जाणारी ऊसतोड महिला राहते. मोबाइलमधील अ‍ॅप मात्र तिघांनाही जवळपास एकाच मापाने मोजते.

अ‍ॅपमधला आकडा येतो कुठून?

बोलताना ज्याला आपण कॅलरी म्हणतो ती प्रत्यक्षात किलोकॅलरी असते. अ‍ॅपमध्ये वय, उंची आणि वजन भरले की रोजच्या गरजेचा आकडा समोर येतो. बहुतेक अ‍ॅप यासाठी १९९० मध्ये प्रसिद्ध झालेले मिफ्लिन-सेंट जिओर हे समीकरण किंवा त्याच्या जवळचे एखादे सूत्र वापरतात. वजनाला १० ने गुणायचे, सेंटिमीटरमधील उंचीला ६.२५ ने गुणायचे, दोन्हींची बेरीज करून त्यातून वयाची पाचपट वजा करायची. मग पुरुषांसाठी ५ मिळवायचे, महिलांसाठी १६१ वजा करायचे. उत्तर येते ते पूर्ण विश्रांतीत शरीराला लागणाऱ्या ऊर्जेचे.

समजा, २२ वर्षांचा, ६२ किलो वजनाचा आणि १६८ सेंटिमीटर उंचीचा तरुण आहे. त्याचा आकडा १५६५ येतो. पुढे अ‍ॅप विचारते, ‘तुम्ही किती सक्रिय आहात?’ बैठे काम निवडले तर १.२ ने गुणून १८७८, भरपूर व्यायाम निवडला तर १.७२५ ने गुणून सुमारे २७००. शरीर तेच आणि दिवसही तोच, पण एका बटणामुळे उत्तर आठशेहून अधिक कॅलरींनी बदलले. पहाटे मैदानावर धावणारा आणि उरलेला दिवस अभ्यासिकेत बसून काढणारा मुलगा यातले कोणते बटण दाबणार? तोही अंदाजच करतो.

वजन कमी करायचे म्हटले की अनेक ठिकाणी १२०० हा आकडा पुढे येतो. तो नवा नाही. अमेरिकेतील डॉक्टर लुलू हंट पीटर्स यांनी १९१८ मध्ये लिहिलेल्या पुस्तकातून उष्मांक मोजणे तिकडच्या घराघरांत पोहोचले. १२०० कॅलरींच्या आहाराची शिफारस त्या पुस्तकातही आहे. आता हाच आकडा आपल्याकडे लावून पाहू. २८ वर्षांची, ५८ किलो वजनाची आणि १५२ सेंटिमीटर उंचीची महिला दिवसभर अंथरुणावर पडून राहिली, तरी समीकरणानुसार तिला १२२९ कॅलरी लागतात. म्हणजे धुणे-भांडी, मुलांची शाळा, शेतावरची फेरी हे सगळे करून १२०० वर भागवायचे, असा त्याचा अर्थ होतो. पुढे ज्याला खूळ म्हटले आहे, त्याची सुरुवात बहुतेक वेळा अशा चुकीच्या उद्दिष्टातून होते.

एका भाकरीच्या कॅलरी किती?

अ‍ॅपमध्ये ‘ज्वारीची भाकरी, एक मध्यम’ असा पर्याय असतो. मध्यम म्हणजे केवढी, हे सांगितलेले नसते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या भारतीय अन्नघटक तक्त्यांनुसार १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे ३३४ कॅलरी असतात. भाकरीला ६० ग्रॅम पीठ घेतले तर सुमारे २००, आणि शेतावर न्यायची जाड भाकरी १०० ग्रॅमची झाली तर ३३४. दोन भाकरींतच २६८ कॅलरींचा फरक पडतो. भाकरीचा आकार घरागणिक, थापणाऱ्या हातागणिक बदलतो, हे बीडकरांना सांगायला नको.

फोडणीचे तेही तसेच. १५ मिलिलिटर तेलात सुमारे १२० कॅलरी. पळी भरून घेतली की थोडी कमी, यावरच आकडा दुप्पट होऊ शकतो. मराठवाड्यातील भाजीत पडणारे शेंगदाण्याचे कूट अ‍ॅपच्या ‘वांग्याची भाजी’ या नोंदीत बहुधा नसतेच. शंभर ग्रॅम शेंगदाण्यात पाचशेहून अधिक कॅलरी असतात. म्हणजे दोन चमचे, अंदाजे २० ग्रॅम कूट पडले की शंभर कॅलरी वाढल्या. पाकीटबंद पदार्थ तरी नेमके असावेत, असे वाटते. पण तेथेही अमेरिकेतील नियम छापील आकड्यापेक्षा २० टक्क्यांपर्यंत फरक चालवून घेतात.

खर्चाची बाजू याहून कच्ची आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ मध्ये मनगटावरची सात उपकरणे तपासली. हृदयाचे ठोके बहुतेकांनी बऱ्यापैकी मोजले. खर्च झालेल्या ऊर्जेबाबत मात्र त्यातले सर्वांत अचूक उपकरणही सरासरी २७ टक्क्यांनी चुकले. थोडक्यात, खाल्लेल्या अन्नाचा आकडा अंदाजे आहे, खर्चाचाही अंदाजे आहे, आणि रात्री अ‍ॅपमध्ये लाल अक्षरांत दिसणारे ‘८० कॅलरी जास्त’ ही या दोन अंदाजांची वजाबाकी आहे. मोजणीतली चूकच दोनशे-तीनशेची असताना ऐंशीसाठी रात्रीचे जेवण टाळण्यात गणिताच्या दृष्टीनेही अर्थ नाही.

मग मोजायचेच नाही का?

तसे नाही. खाण्याची नोंद ठेवण्याचा फायदा होतो, याला चांगला आधार आहे. अमेरिकेत २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सुमारे १७०० जण सहभागी होते. रोज नोंद ठेवणाऱ्यांचे वजन नोंद न ठेवणाऱ्यांच्या तुलनेत जवळपास दुप्पट घटले. नोंद अचूक होती म्हणून हे घडले, असे नाही. लिहायचे आहे म्हटल्यावर माणूस जे एरवी न पाहता खातो, ते पाहू लागतो.

चहाचे उदाहरण घ्या. कपात दोन लहान चमचे, म्हणजे १० ग्रॅम साखर असेल तर ४० कॅलरी साखरेच्याच. दुकानात, तहसीलच्या आवारात, पारावर मिळून दिवसाला पाच कप होत असतील तर २०० कॅलरी, म्हणजे एक भाकरी. ही गोष्ट एकदा कळली की रोज लिहून ठेवावी लागत नाही. सीताफळाबाबत उलट धडा मिळतो. भौगोलिक मानांकन मिळालेले बीडचे सीताफळ गोड म्हणून अनेक जण टाळतात, पण १०० ग्रॅम गरात सुमारे शंभर कॅलरी असतात आणि सोबत तंतुमय पदार्थही मिळतात. मोजणीचा खरा उपयोग असा शिकण्यापुरता आहे.

सुखात्मे काय म्हणाले होते?

रोजच्या आकड्यावर किती विश्वास ठेवावा, हा वाद महाराष्ट्रात अ‍ॅप येण्याच्या कितीतरी आधी झाला आहे, आणि तोही देशाच्या पातळीवर. पुण्याच्या गोखले संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ मध्ये भारतातील दारिद्र्याचा अभ्यास मांडला. माणशी रोज २२५० कॅलरी मिळतील एवढा खर्च न करू शकणारा तो गरीब, असा त्यांचा निकष होता. (मराठवाड्यात ‘अनुशेष’ हा शब्द ज्यांच्या समितीमुळे रुळला, तेच हे दांडेकर.) पुढे १९७९ मध्ये नियोजन आयोगाच्या कृतिगटाने ग्रामीण भागासाठी २४०० आणि शहरी भागासाठी २१०० कॅलरींचा निकष धरला.

याला आव्हान दिले ते सातारा जिल्ह्यातील बुध गावी जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत त्यांनी अनेक वर्षे काम केले होते. त्यांचे म्हणणे असे की, एकाच निरोगी माणसाचे खाणे आणि त्याच्या शरीराची गरज दर दिवशी आणि दर आठवड्यालाही बदलत असते. सरासरीपेक्षा कमी खाल्लेला प्रत्येक जण उपाशी नसतो, शरीर ठरावीक मर्यादेत स्वतःला जुळवून घेते. त्यामुळे सरासरी आकड्याची रेघ ओढून तिच्याखालच्या सर्वांना कुपोषित ठरवणे ही संख्याशास्त्रीय चूक आहे.

दांडेकरांसह अनेकांनी सुखात्मे यांच्यावर कडाडून टीका केली. या युक्तिवादाने कागदावरचे गरीब कमी होतात आणि सरकारची जबाबदारीही कमी होते, हा आक्षेप गंभीर होता आणि आजही आहे. दीर्घकाळ कमी खाऊन ‘जुळवून घेतलेले’ शरीर निरोगी असतेच असे नाही. पण पोटाला पुरेसे मिळणाऱ्या आणि मोबाइलवर कॅलरी मोजणाऱ्या माणसाच्या बाबतीत सुखात्मे यांचा मुद्दा चपखल बसतो. एका दिवसाचा आकडा फारसे काही सांगत नाही. वजनाचेही तेच. एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानाने ७७०० कॅलरी. सप्ताहातील पंगतीत जेवल्यावर दुसऱ्या दिवशी काटा एक किलोने वर गेला, तर तेवढी चरबी एका रात्रीत साठण्यासाठी गरजेपेक्षा ७७०० कॅलरी जादा खाव्या लागल्या असत्या. ते वजन बहुतांशी पाण्याचे, मिठाचे आणि पोटातल्या अन्नाचे असते.

ऊसतोड कामगाराला कोणता आकडा लावायचा?

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या अहवालानुसार बैठे काम करणाऱ्या ५५ किलोच्या महिलेला रोज सुमारे १६६० कॅलरी लागतात. तिनेच कष्टाचे काम केले तर २७२०. पुरुषासाठी (६५ किलो) हे आकडे अनुक्रमे २११० आणि ३४७० आहेत. ऊसतोडणी, मोळ्या बांधणे आणि डोक्यावरून वाहून गाडी भरणे हे कष्टाच्याही वरच्या टोकाचे काम. हंगाम संपवून गावी परतल्यावर हाताला काम मिळेलच असे नाही. म्हणजे बीडमधील हजारो कुटुंबांत एकाच व्यक्तीची गरज वर्षातून दोनदा हजार कॅलरींच्या आसपास बदलते. पाकिटांवर आणि तक्त्यांवर ठोकळपणे छापला जाणारा २००० हा आकडा तिला हंगामात उपाशी ठेवणारा आणि पावसाळ्यात कदाचित जास्त ठरणारा आहे.

या जिल्ह्यात कॅलरी मोजण्याची आणखी एक पद्धत फार आधीपासून आहे. ती कमाल नव्हे, किमान ठरवते. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याच्या मूळ अनुसूचीत अंगणवाडीतील बालकाला ५००, कुपोषित बालकाला ८००, गरोदर व स्तनदा मातेला ६०० कॅलरींचा पूरक आहार, तर शाळेच्या खिचडीत पहिली ते पाचवीसाठी ४५० आणि सहावी ते आठवीसाठी ७०० कॅलरी असा हिशेब होता. तेथे आकडा हा हक्क असतो, त्याखाली जाणे ही तक्रारीची बाब. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रात साधारण पाचपैकी एक महिला कमी वजनाची आहे आणि त्याहून थोड्या अधिक महिला जादा वजनाच्या. निम्म्याहून अधिक महिलांत रक्तक्षय आहे. अ‍ॅपच्या हिरव्या रेषेत बसणाऱ्या महिलेच्या ताटात लोह आणि प्रथिने आहेत का, हे नुसती कॅलरीची बेरीज सांगत नाही. भाजी-डाळ कमी करून आकडा गाठला तर कागदावर यश आणि शरीरात आणखी तूट, असे होऊ शकते.

सवयीचे खूळ कधी होते?

अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ मध्ये अँसेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांवर प्रयोग केला. सुमारे सहा महिने त्यांना दिवसाला सरासरी १५७० कॅलरींच्या आसपास अन्न दिले गेले. वजन जवळपास चौथाईने घटले. पण त्याहून लक्षात राहिली ती त्यांच्या मनाची अवस्था. ते पाककृतींची पुस्तके वाचू लागले, अन्नाची स्वप्ने पाहू लागले, ताटातला घास तासन्‌तास पुरवू लागले, चिडचिडे आणि एकलकोंडे झाले. मानसिकदृष्ट्या सुदृढ म्हणून निवडलेल्या माणसांची ही गत झाली. सतत अन्नाचा विचार येणे हा निव्वळ मनाचा दुबळेपणा नाही, कमी खाणाऱ्या शरीराची ती प्रतिक्रियाही असते. आणि १५७० हा आकडा अनेक अ‍ॅप सुचवतात त्यापेक्षा मोठा आहे.

अ‍ॅपच दोषी आहेत का, यावर पुरावा दोन्ही बाजूंनी आहे. खाण्याच्या विकारांचे निदान झालेल्या १०५ जणांच्या २०१७ मधील अमेरिकी अभ्यासात सुमारे तीन चतुर्थांश रुग्णांनी कॅलरी मोजणारे एक लोकप्रिय अ‍ॅप वापरलेले होते. वापरणाऱ्यांपैकी ७३ टक्क्यांना त्याने आपल्या विकारात भर पडली, असे वाटले. उलट असा विकार होण्याचा धोका कमी असलेल्या महाविद्यालयीन मुलींना महिनाभर हेच अ‍ॅप वापरायला दिले, तेव्हा त्यांच्या मानसिक आरोग्यावर परिणाम दिसला नाही, असे २०२१ मधील प्रयोगात आढळले. म्हणजे धोका सर्वांना सारखा नाही. ज्यांना शरीराबद्दल आधीच लाज किंवा भीती वाटते, त्यांच्या हातात हा आकडा वेगळाच होतो. इंग्लंडमध्ये एप्रिल २०२२ पासून मोठ्या उपाहारगृहांच्या मेनूकार्डवर कॅलरी छापणे सक्तीचे झाले, तेव्हा खाण्याच्या विकारांवर काम करणाऱ्या संस्थेने याच कारणाने विरोध केला होता.

ओळखायचे कसे? घरातल्यांना ते बहुधा अ‍ॅपच्या आधी दिसते. लग्नाच्या पंगतीला काही ना काही कारण काढून न जाणे, आईने वाढलेली भाजी ‘मोजता येत नाही’ म्हणून नाकारणे आणि त्याऐवजी आकडा छापलेले पाकीट खाणे, पुरणपोळी खाल्ली म्हणून रात्री अकराला पळायला निघणे. आठवडाभर कडकडीत आणि रविवारी अमाप, हे ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’चे नवे रूपही त्यातलेच. चक्कर, केस गळणे, मुलींची पाळी लांबणे किंवा थांबणे ही पुढची पायरी, आणि तेथे डॉक्टरांकडे जायला उशीर करू नये. भरतीची तयारी करणाऱ्यांसाठी एक साधी गोष्ट: मैदानी चाचणीत मुलांना १६०० आणि मुलींना ८०० मीटर धावायचे असते आणि गुण घड्याळावर मिळतात. अर्धपोटी शरीराचे घड्याळ मागे पडते.

न मोजण्याचा मार्ग?

शेजारच्या लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात अध्यापन केलेले डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी लोकप्रिय केलेली पद्धत कॅलरी मोजतच नाही. डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या मांडणीवर आधारलेल्या या पद्धतीत दिवसातून दोनदाच आणि प्रत्येक वेळी ५५ मिनिटांच्या आत जेवायचे असते. मराठवाड्यात ती झपाट्याने पसरली, याचे एक कारण हा सोपेपणा असावा. अ‍ॅप नको, काटा नको, घरचेच जेवण. तिच्या परिणामांवर आहारतज्ज्ञांत मतभेद आहेत. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवणातील अंतर वाढवणे धोक्याचे आहे. शिवाय खूळ येथेही लागू शकते. आकड्याऐवजी मिनिटे मोजली जातात एवढेच.

प्रत्यक्षात काय करता येईल?

मोजायचेच असेल तर मुदत ठरवून मोजणे बरे. दोन-तीन आठवडे पुरतात. पहिल्या दिवशी भाकरीचे पीठ एकदा वजन करून पाहावे आणि आपल्या घरची भाकरी केवढ्याची ते कायमचे लिहून ठेवावे. नोंद रोज केली तरी आकडा मात्र आठवड्याच्या सरासरीचाच वाचावा. वजनही आठवड्यातून एकदा, सकाळी, त्याच काट्यावर. विश्रांतीच्या गरजेखाली जाणारे उद्दिष्ट अ‍ॅपने सुचवले तर ते बदलावे. व्यायामाने ‘कमावलेल्या’ कॅलरी परत खाण्याचा किंवा फेडण्याचा हिशेब बंदच ठेवलेला बरा. अठरा वर्षांखालील मुले, गरोदर व स्तनदा माता आणि पूर्वी खाण्याचा विकार झालेल्यांनी हा प्रयोग स्वतःच्या मनाने करू नये.

माणसाऐवजी घर मोजणे हा आणखी एक मार्ग, आणि तो किराणा दुकानाच्या वहीत आधीपासूनच आहे. पाच माणसांच्या घरात महिन्याला पाच लिटर तेल संपत असेल तर माणशी रोज सुमारे ३३ मिलिलिटर, म्हणजे जवळपास २७० कॅलरी होतात, बाहेरचे वडे-भजी सोडून. पंतप्रधानांनी २०२५ च्या सुरुवातीला केलेले तेल १० टक्के कमी करण्याचे आवाहन या घराच्या भाषेत महिन्याला अर्धा लिटर होते. त्यासाठी कोणालाही ताटासमोर मोबाइल काढावा लागत नाही, आणि जेवताना सुनेने किती तेल घातले यावर बोलणेही होत नाही. पुढच्या महिन्याची यादी करताना घरात एकदाच ठरवायचे.

नोंद बंद केल्यावर अस्वस्थ वाटू लागले, न नोंदवता जेवताच येईना, तर ‘टेलिमानस’च्या १४४१६ या निःशुल्क क्रमांकावर बोलता येते. ऑक्टोबर २०२२ पासून ही सरकारी सेवा अहोरात्र सुरू आहे. जिल्ह्यात अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. तेथे जाताना अ‍ॅपमधील नोंदी सोबत नेल्या तर डॉक्टरांना त्यांचा उपयोग होतो.